पाहुणा महसीर, बेघर यजमान

इंग्रजांनी ट्राऊट आणला तो काश्मीर आणि निलगिरीच्या थंड ओढ्यांत. दख्खनच्या नद्यांत गळाला लागणारा मानाचा मासा मात्र महसीर. त्यातील निळ्या परांच्या जातीचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतील माशांवरून केले. पुढे धरणांनी नद्या अडल्या आणि लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने सत्तरच्या दशकात या माशाची कृत्रिम पैदास सुरू केली. ती यशस्वी ठरली. मत्स्यबीज परराज्यांत, कावेरीतही गेले.

घोटाळा तिथेच झाला. कावेरीचा मूळ महसीर नारिंगी परांचा, कुबडाचा. त्या खोऱ्याबाहेर नैसर्गिकरीत्या न आढळणारा. मासा पकडून पुन्हा पाण्यात सोडणाऱ्या हौशी मंडळींच्या १९९८ ते २०१२ या काळातील नोंदी संशोधकांनी तपासल्या, तेव्हा पाहुणा वाढत गेला आणि यजमान दिसेनासा झाला, हे उघड झाले. २०१८ मध्ये तो अतिसंकटग्रस्त ठरला.

हेतूविषयी शंका नाही. पण मत्स्यबीजाचे आकडे जाहीर करणे सोपे. महसीरला लागते ते वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी आणि दगडगोट्यांचा तळ. साइक्स यांच्या मुळा-मुठेच्या शहरी पात्रात आज सांडपाणी वाहते.