टॅबलेट वाटू नका, ग्रंथालयात ठेवा

शाळेतल्या टॅबलेटचा विषय निघाला की शिरूर-दौंडच्या उसाच्या पट्ट्यात दोन मतं हमखास ऐकू येतात. प्रत्येक मुलाच्या हातात टॅब द्या, हे एक. पोरं मोबाइलनं आधीच बिघडली आहेत, शाळेत तरी पडदा नको, हे दुसरं. मला दोन्ही मान्य नाहीत. मांडवगण फराट्यासारख्या भीमाकाठच्या गावात टॅबलेट ही वाटायची वस्तू नाही, ती ग्रंथालयाची वस्तू आहे. नोंदवहीत चढवावी, मुदतीनं द्यावी, परत घ्यावी, आणि तिच्यात काय आहे याची जबाबदारी एका माणसानं उचलावी.

आधी वाटपवाल्यांचा पक्ष घेऊ. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत ‘आकाश’ टॅबलेटचं मोठ्या थाटात अनावरण झालं. विद्यार्थ्यांसाठी जगातला सर्वांत स्वस्त टॅबलेट असा त्याचा गाजावाजा होता. स्पर्शाला धड दाद न देणारा पडदा आणि लवकर उतरणारी बॅटरी या तक्रारी लगेच सुरू झाल्या. पुढच्या वर्षी आयआयटी मुंबईच्या देखरेखीखाली सुधारित ‘आकाश-२’ आला, पण देशभरच्या वर्गांत शिकणं बदललं असं काही झालं नाही. पेरू देशानं लाखो मुलांना लॅपटॉप दिले. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांच्या पाहणीचा अहवाल २०१२ मध्ये आला, तेव्हा गणित आणि भाषा या दोन्हींत फरक आढळला नाही. दोन्हीकडे हिशेब यंत्रांचा ठेवला गेला. मूल कुठं अडलंय, याचा हिशेब कुणी ठेवलाच नाही.

मग यंत्रं टाकाऊ का? मुळीच नाही. दिल्लीत गरीब वस्त्यांतल्या सहावी ते नववीच्या मुलांसाठी शाळेनंतर संगणकावर सराव घेणारी ‘माइंडस्पार्क’ केंद्रं चालत. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंह आणि अलेहांद्रो गानिमियान या अर्थशास्त्रज्ञांनी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या मुलांवर त्यांचा परिणाम मोजला. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनाइतकी वाढ दिसली, आणि शिक्षणातल्या प्रयोगांत एवढी वाढ क्वचितच दिसते. कारण सरळ आहे. सातवीतलं मूल गणितात चौथीच्या पातळीवर असेल, तर यंत्र चौथीपासून सुरुवात करायचं. चाळीस मुलांच्या वर्गात शिक्षकाला प्रत्येकासाठी हे करता येत नाही, कितीही जीव तोडला तरी. मात्र त्या केंद्रात ४५ मिनिटं संगणकापुढं आणि ४५ मिनिटं माणसापुढं, लहान गटात, अशी वाटणी होती. वाटपवाले यातली पहिली ४५ मिनिटं तेवढी उचलतात.

आता ‘पडदा नको’ म्हणणारे. त्यांची काळजी खरी आहे, आणि पहिली-दुसरीच्या मुलांबाबत मी पूर्णपणे त्यांच्या बाजूनं आहे. त्या वयाला पाटी, चिंचोके, गोष्ट आणि मैदान पुरे. पण मोठ्या मुलांचं काय? ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या २०२४ च्या पाहणीत देशातल्या १४ ते १६ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. फोन वापरता येणाऱ्यांपैकी ७६ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो समाजमाध्यमांसाठी वापरला होता, अभ्यासासाठी ५७ टक्क्यांनी. म्हणजे शाळेनं दार लावून घेतलं तरी पडदा घरात आहेच, तोही कुणाच्या देखरेखीविना. सिमकार्ड नसलेला, निवडक मजकूर भरलेला, तासाभरानं परत करायचा टॅबलेट हा त्या फोनवरचा उतारा ठरू शकतो. त्याच पाहणीत फोन वापरता येणाऱ्यांत स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६ टक्के होते, तर मुली २७ टक्के. घरात फोन आधी मुलाच्या हाती जातो. ग्रंथालयाच्या नोंदवहीत मुलीचं नाव असेल, तर तिची वेळ कुणाला हिरावून घेता येत नाही.

टॅब आला की पुस्तक जाईल, असंही म्हणतात. ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे अंक बालभारतीनं इंटरनेटवर फुकट खुले केले आहेत. वाईहून निघालेला मराठी विश्वकोशही तसाच खुला आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली चालणाऱ्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाला हे सारं कपाटात ठेवायला ना जागा, ना पैसा. तिथं टॅब पुस्तकाची जागा खात नाही, नसलेलं पुस्तक आणून देतो.

वीज आणि रेंज यांची सबब मला फारशी पटत नाही. पाठ्यपुस्तकं, अंक आणि सराव आधीच उतरवून ठेवता येतात, चार्जिंग शाळेच्या वेळेत होतं. खरी अडचण वेगळी आहे. या पट्ट्यात बिबट्याच्या भीतीनं आई-बाप दिवेलागणीनंतर मुलांना वस्तीवरून बाहेर सोडत नाहीत, आणि बरोबरच करतात. म्हणून संध्याकाळी उघडणारं वाचनालय इथल्या मुलांच्या उपयोगाचं नाही. टॅबलेटची पेटी वाचनालयाच्या नावावर राहावी, पण दिवसा शाळेत यावी. गळीत हंगामात ती ऊसतोड कामगारांच्या कोप्यांपर्यंतही जावी. बीड-अहिल्यानगरकडून दिवाळीच्या सुमाराला आलेली ती मुलं उन्हाळ्यात परततात, आणि मधला अभ्यास दोन्ही गावांत बुडतो. प्रत्येकाच्या पातळीपासून सुरू होणाऱ्या सरावाची गरज त्यांच्याइतकी कुणालाच नाही.

तीन-चार मुलांत एक टॅब पुरे. आमच्याच शिरूर तालुक्यातली वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा नावारूपाला आणणारे दत्तात्रय वारे गुरुजी पुढं खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरला गेले. त्या शाळेला २०२५ मध्ये जगातल्या उत्कृष्ट शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. तिथं ‘विषयमित्र’ पद्धत आहे, मुलं एकमेकांना शिकवतात. एका पडद्याभोवती चौघं बसली की वाद होतो, समजावणं होतं. एकेकाला एकेक दिला की ते थांबतं.

उरतो प्रश्न माणसाचा. शिक्षकांवर ऑनलाइन माहिती भरण्याचा बोजा इतका आहे की ही पेटी त्यांच्या माथी मारणं अन्याय होईल. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींतल्या कंपन्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून शाळांना मदत करतात. त्यांच्याकडं ग्रामपंचायतीनं आणि शाळा व्यवस्थापन समितीनं टॅबांची संख्या निम्मी मागावी. उरलेल्या पैशातून तीन वर्षांचा दुरुस्तीखर्च आणि गावातल्याच एका शिकलेल्या मुलीचा ग्रंथपाल म्हणून पगार मागावा. रोज दोन तास ती पेटी उघडेल, कोण कुठल्या गणितावर अडलं ते वहीत लिहील, आणि शनिवारी ती वही गुरुजींपुढं ठेवील.