झोपेची झिंग यंत्रात दिसत नाही

पावसाळ्यात शनिवार-रविवारी चांदणी चौकातून निघालेल्या गाड्या पिरंगुट, पौड ओलांडून मुळशी धरण आणि ताम्हिणी घाटाकडे जातात. नाकाबंदीत पोलीस चालकाला यंत्रात फुंकर मारायला लावतात. ही तपासणी हवीच. पण चालकाची अपुरी झोप हा तितकाच गंभीर धोका तिच्यात सापडत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना वाहन चालवणे गुन्हा आहे. ऑस्ट्रेलियातील डॉसन आणि रीड या संशोधकांचा प्रयोग १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सलग १७ तास जागे राहिलेल्यांचा हात आणि डोळ्यांचा ताळमेळ ५० मिलिग्रॅम अल्कोहोल घेतल्यासारखा बिघडला. २४ तासांनंतर तो सुमारे १०० मिलिग्रॅमच्या पातळीइतका घसरला. म्हणजे पहाटे सहाला उठलेला माणूस रात्री अकराला गाडी चालवत असेल, तर दारूचा थेंबही न घेता तो धोक्याच्या पातळीवर असू शकतो.

मद्य मेंदूला शांत करणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचा प्रभाव वाढवते आणि उत्तेजित करणाऱ्या ‘ग्लुटामेट’चा कमी करते. जागरणाचे परिणामही पेशींपर्यंत पोहोचतात. २०१७ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासात अपस्माराच्या १२ रुग्णांच्या मेंदूतील पेशींची नोंद थेट घेण्यात आली. झोप न झालेल्या अवस्थेत समोरचे चित्र ओळखताना या पेशींचा प्रतिसाद उशिरा आणि क्षीण येत होता. डोळे उघडे असतात, पण दिसलेल्याचा अर्थ मेंदूला उशिरा लागतो.

ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे जाते. ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला, तरी गाडी आठ मीटर जास्त जाते. धुके आणि ओल्या वळणांच्या घाटात तेवढे अंतर जीवघेणे ठरते. तीन सेकंदांची डुलकी लागली, तर ५० मीटर रस्ता कोणाच्याही नजरेशिवाय सरतो.

दोन्ही एकत्र आले तर परिणाम आणखी वाढतो. हिंजवडी मुळशी तालुक्यातच आहे. तिथली रात्रपाळी संपवून थेट सहलीला निघालेल्याला एखादा पेगही जड जातो. कॉफी प्यायल्याने वा थंड पाण्याने तोंड धुतल्याने रक्तातील अल्कोहोल लवकर उतरत नाही.

वाहतूक कामगारांच्या कामाच्या तासांना कायद्याने मर्यादा घातली आहे. खासगी गाडीच्या चालकाला ती नाही. त्यामुळे निघण्यापूर्वी ‘किती प्यायलास?’ याच्या जोडीला ‘किती झोपलास?’ हेही घरच्यांनी आणि मित्रांनीच विचारायला हवे.