संगणकाची मोड

भंडारा शहराची ओळख पितळी भांड्यांची. वैनगंगेचा पूल ओलांडला की कारधा. या परिसरात पितळी हंड्याचे मोल कसे करावे हे कोणाला शिकवावे लागत नाही. घडणावळ गेली तरी वजनाची मोड हाती लागते. संगणकाला मात्र मोड नसते, असेच आजवर धरून चालले होते. २०२५च्या उत्तरार्धात या समजुतीला निदान एका सुट्या भागापुरता तडा गेला. तो भाग म्हणजे रॅम.

जगातील बहुतांश रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रणांना लागणारी एचबीएम ही विशेष मेमरीही त्यांच्याच कारखान्यांत तयार होते आणि तेवढ्याच क्षमतेसाठी तिला सुमारे तिप्पट सिलिकॉन खर्ची पडते. नफा तिकडे, म्हणून उत्पादनही तिकडे. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉनने ‘क्रुशिअल’ या नावाने घरगुती ग्राहकांना होणारी विक्री थांबवण्याचे जाहीर केले. जुन्या डीडीआर४ मेमरीचे उत्पादन आवरते घेण्याचे धोरण त्याआधीच ठरले होते. परिणामी नवी महाग आणि जुनीही महाग!

अशी टंचाई प्रथमच आली असे नव्हे. २०११मध्ये थायलंडच्या महापुरात हार्ड डिस्कचे कारखाने बुडाले, तेव्हाही भाव उसळले होते. वैनगंगेची पातळी जिथे मोजली जाते त्या कारध्याला पुराचा हिशेब वेगळा सांगायला नको. तेव्हा पाणी ओसरले, कारखाने पुन्हा सुरू झाले. या वेळचा पूर मागणीचा आहे.

याच सुमारास, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, विंडोज १०चा नियमित आधार संपला. विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१७पूर्वीचे बहुतेक धडधाकट संगणक कागदोपत्री निकामी ठरले. ते भंगारवाल्याला किलोवर देणे ही मात्र शुद्ध घाई होय. सहाव्या-सातव्या पिढीच्या अनेक यंत्रांत डीडीआर४च असते, आणि लिनक्स टाकल्यास विद्यार्थ्याचे लेखन, अभ्यास व प्रोग्रॅमिंग त्यांवर सुखेनैव चालते.

म्हणूनच जुन्या यंत्राचे मोल एकरकमी करू नये. रॅम, प्रोसेसर, मदरबोर्ड यांची किंमत वेगवेगळी धरावी. वापरलेली हार्ड डिस्क आणि एसएमपीएस यांची जवळपास शून्य.

नवा संगणक जुळवणाऱ्या हौशी मंडळींची अडचण निराळी. नागपूरच्या दुकानात तयार ‘सेट’चा आकडा सांगितला जातो आणि काटछाट बहुधा एसएमपीएसमध्ये होते. विदर्भाचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, विजेचा दाब वरखाली होतो. अशा ठिकाणी ही बचत परवडणारी नाही. त्यापेक्षा रॅमची चार घरे असलेला मदरबोर्ड घ्यावा आणि तूर्त एकच पट्टी बसवावी. खेळ खेळताना अंगभूत ग्राफिक्स मंदावेल, हे खरे. इतर कामांत फरक फारसा जाणवत नाही. मात्र डीडीआर४च्या बोर्डात पुढे डीडीआर५ बसत नाही, हे खरेदीपूर्वीच ध्यानात घ्यावे.

आणि बिल पक्केच मागावे. क्रुशिअलची विक्री थांबवतानाही विकलेल्या मालाची वॉरंटी पाळण्याची ग्वाही मायक्रॉनने दिली होती. बिलाविना तिचा दावा सांगणार कसा?