कार्बनची प्रत आणि ठेवणीतली प्रत

मैत्रिणींनो, लग्नामुंजीचे फोटो, मुलांची प्रमाणपत्रं, घराचे कागद, सगळं आता हार्ड डिस्कवर असतं. पण डिस्क म्हणजे शेवटी यंत्रच. मिक्सर बिघडतो तशी तीही एक दिवस बिघडते, आणि बहुधा न सांगता!

त्यावर अनेक डिस्क एकत्र जोडण्याची पद्धत आहे. १९८८ साली अमेरिकेत बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी ती ‘रेड’ या नावाने मांडली. ‘रेड ०’ मध्ये माहिती डिस्कांवर वाटून ठेवतात. काम झटपट होतं, पण एक डिस्क गेली की सगळंच गेलं. घरासाठी हा प्रकार नकोच. ‘रेड १’ मध्ये दोन्ही डिस्कांवर तेच असतं. ४ टेराबाइटच्या दोन घेतल्या तरी जागा ४ चीच मिळते, मात्र एक बंद पडली तरी दुसरी काम चालवते. ‘रेड ५’ ला किमान तीन डिस्क लागतात. घराला ‘रेड १’ पुरे.

आमच्याकडेही तीच आहे, आणि म्हणूनच मी निर्धास्त होते. एकदा आवराआवर करताना नको ते पुसून टाकलं. त्यातच आईच्या आवाजातल्या पाककृती होत्या! दिवाळीत लक्षात आलं, तेव्हा दोन्ही डिस्कांवर त्यांचा मागमूस नव्हता. ‘रेड’ म्हणजे वहीतला कार्बन, बरं का! वर खोडलं की खालीही खोडलं जातं. फोटो नणंदेकडे होते म्हणून मिळाले. आईचा आवाज गेला तो गेलाच.

तेव्हा ‘रेड’ असली तरी वेगळी प्रत हवीच. एकूण तीन प्रती ठेवा: एक रोजच्या वापरातली, दुसरी सुट्या डिस्कवर, तिसरी घराबाहेर, बहिणीकडे किंवा इंटरनेटवरच्या साठवणीत. सुटी डिस्क काम झालं की काढून कपाटात ठेवावी, म्हणजे व्हायरस शिरला तरी ती सुरक्षित राहते. महिन्यातला एक दिवस ठरवून नवी भर घाला. आणि अधूनमधून त्या प्रतीतले चार फोटो उघडून पाहा. न उघडलेल्या प्रतीचा भरवसा धरू नये.

येत्या रविवारी एवढं कराच. सुरुवात घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आवाजापासून करा.