शस्त्रक्रियेपूर्वी श्वासाचा हिशेब

कोहिनूर परिसरातील आपल्या कित्येक व्यापारी बंधूंचे आयुष्य तूर-हरभऱ्याच्या धुळीत जाते. काहींस जुनाट खोकला व धाप जडते. अशा रुग्णावर पोटाची शस्त्रक्रिया झाल्यास नंतर कफ साचून न्यूमोनिया होण्याचे भय अधिक असते. तरीही शस्त्रक्रिया लांबेल या धास्तीने पुष्कळजण धाप व विडी दोन्ही लपवितात. ही घोडचूक होय. आगाऊ कळल्यास डॉक्टर फुफ्फुसांची शक्ती तपासतात, औषधाने श्वास मोकळा करतात, काही शस्त्रक्रियांत पूर्ण भुलीऐवजी कमरेत भूल देतात. किमान चार आठवडे आधी धूम्रपान सोडल्यास धोका घटतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे. गुरूंपुढे आलोचना करताना आपण काही राखून ठेवीत नाही; डॉक्टरांपुढेही ठेवू नये, हीच सर्व बंधुभगिनींस विनंती.