चाल कुणाची, शब्द कुणाचे?

मंडळी, डिसेंबर आला की कन्येच्या शाळेत ख्रिसमसचा कार्यक्रम असतो आणि आम्ही दारातला बर्फ उपसून वेळेवर हजर होतो. (आपल्या मंडळाच्या कार्यक्रमाला आम्ही कधी वेळेवर येतो, हे कृपया विचारू नये.) यंदा मुलांनी ‘ह्युरॉन कॅरल’ म्हटलं. कॅनडातलं हे सर्वांत जुनं ख्रिसमसगीत मानलं जातं. त्यात बाळ येशू झाडाच्या सालींच्या झोपडीत, सशाच्या कातड्यात गुंडाळलेला आहे. परतताना गाडीत कन्येनं विचारलं, “बाबा, हे गाणं त्या लोकांनीच लिहिलं ना?”

“हो तर!” म्हणून आम्ही मोकळे झालो. घरी येऊन पुस्तकं उघडली, तर उत्तर साफ चुकलेलं.

मूळ गीत १६४२ च्या सुमारास ज्याँ द ब्रेबफ या फ्रेंच जेझुइट पाद्र्यानं रचलं, असं मानतात. आजच्या ओंटारिओतल्या मिडलंडच्या परिसरात तो वेंडाट लोकांत राहिला, त्यांची भाषा शिकला. फ्रेंच लोक वेंडाटांना ह्युरॉन म्हणत. गीताचे शब्द वेंडाट, पण चाल फ्रेंच लोकगीताची. आणि ती झोपडी, तो ससा? मूळ गीतात ते नाहीतच! १९२६ साली जेसी एडगर मिडलटन यांनी इंग्रजी शब्द लिहिले, तेव्हा ते आले. त्यात देवाला दिलेलं नावसुद्धा वेंडाटांचं नाही, शेजारच्या अल्गाँक्वियन भाषांतलं आहे. हेतू चांगलाच असेल. पण त्याच काळात चर्चनं चालवलेल्या निवासी शाळांत मूळ रहिवाशांच्या मुलांना स्वतःची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा होत होती. त्यांच्या नावानं गाणं लिहायचं, आणि त्यांना मात्र गप्प बसवायचं!

इथे आम्हाला आपल्याकडची माणसं आठवली. फादर स्टीफन्स जन्मानं इंग्रज. १५७९ साली गोव्यात आले आणि १६१६ साली त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघालं. सुमारे अकरा हजार ओव्या! परक्या माणसानं इथला छंद असा आत्मसात केला, ही मोठीच गोष्ट. पण पुढचं पाऊल टाकलं ते घरच्या माणसानं. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. तेव्हा मराठी चर्चमध्ये भाषांतरित गीतं, विलायती चाली यांचंच वजन होतं. टिळकांनी अभंग लिहिले, भजनं रचली, कीर्तनं केली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. १९१९ साली ते गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं. ते पुरं केलं लक्ष्मीबाईंनी, ज्यांना अक्षरओळखसुद्धा लग्नानंतर झाली होती! टिळकांची गीतं मराठी चर्चमध्ये आजही म्हटली जातात. श्रद्धा बाहेरून आली असेल, पण गाणं घरात जन्मलं, म्हणून ते टिकलं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं आपल्याला कशाला? सांगतो. गेल्या गणपतीत आमच्या कन्येनं गिटारवर, अर्धं मराठी अर्धं इंग्रजी, बाप्पाचं एक गाणं रचलं होतं. आम्ही ते ऐकलं आणि म्हणालो, “छान आहे हो, पण आरतीत बसत नाही. त्यापेक्षा पाठ केलेलं म्हण.” तिनं निमूटपणे पाठ केलेलं म्हटलं. त्यानंतर गाणं काही रचलं नाही.

परवा टिळकांबद्दल वाचताना ते आठवलं आणि चरकलो. छापील पुस्तक हाती देऊन “हेच म्हणा” सांगणारे पाद्री आम्हाला पुस्तकात भेटत होते. त्यातला एक आमच्याच घरात निघाला.

तेव्हा कार्यकारिणीला विनंती, येत्या गणेशोत्सवात दहा मिनिटं मुलांच्या स्वतःच्या रचनांसाठी ठेवावीत. शब्द त्यांचे, चालही त्यांचीच. मोठ्यांनी सुधारणा सुचवू नयेत.

कन्येला आम्ही विचारलंय. ती “बघू” म्हणाली. तिनं हो म्हटलंच, तर झांजा आम्ही धरू, आणि त्या दिवशी वेळेवर येऊ.