गेम थिअरी शिकायची, तर कोणत्या पुस्तकापासून?

गेम थिअरी म्हटले की शेअर बाजार, निवडणुका नाहीतर युद्धनीती आठवते. त्यामुळे या विषयाचे पहिले पुस्तक शोधणारा वाचक बहुधा व्यवस्थापनाच्या कपाटापाशी जातो आणि प्रतिस्पर्ध्यावर मात करण्याच्या युक्त्या सांगणारे काहीतरी घेऊन येतो. तिथेच गल्लत होते. एकाच्या निर्णयाचे फळ दुसऱ्याच्या निर्णयावर अवलंबून असते तेव्हा काय घडते, याचा हा अभ्यास आहे. सरळ, समंजस माणसेही आपापल्या परीने योग्य तेच करत सगळ्यांचा तोटा कसा करून बसतात, हे ज्या पुस्तकातून लवकर उमगते, ते पहिले पुस्तक म्हणून चांगले.

याचे उदाहरण चाकण किंवा भोसरीच्या कोणत्याही गल्लीत सापडेल. एका गल्लीत दोन दवाखाने आहेत असे समजा. कंत्राटी कामगार ताप-खोकला घेऊन येतो. असे बहुतेक ताप विषाणूंमुळे येतात आणि विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. विश्रांती, पाणी, पॅरासिटामॉल आणि धोक्याच्या लक्षणांवर नजर एवढे पुरते. पण कामगाराला रात्रपाळी गाठायची असते. खाडा म्हणजे पगार कापला. तो ‘स्ट्राँग’ औषध मागतो. डॉक्टरांनी नाही म्हटले, तर समोरचा दवाखाना उघडाच आहे.

आता चार चौकटींचा तक्ता मांडू. दोन्ही डॉक्टरांनी अँटिबायोटिक नाकारले, तर रुग्ण निम्मे-निम्मे वाटले जातात आणि औषधाची धारही टिकते. एकाने नाकारले आणि दुसऱ्याने दिले, तर देणाऱ्याकडे गर्दी होते. दोघांनीही दिले, तर रुग्ण पुन्हा निम्मे-निम्मेच. मात्र जंतू औषधाला सरावत जातात. समोरचा काहीही करो, प्रत्येकाला देणेच सोयीचे. एकट्याने मार्ग बदलून कुणाचाच फायदा होत नाही, अशा स्थितीला नॅश समतोल म्हणतात. जॉन नॅश यांनी १९५० मध्ये ही कल्पना मांडली आणि १९९४ चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना दोघांसोबत विभागून मिळाले. आपल्या तक्त्यातला समतोल दोघांनाही नकोसा आहे, तरी तोच टिकतो. या प्रकाराला ‘कैद्यांचा पेच’ असे नाव आहे.

हे उदाहरण याच परिसरातले घेण्याला आणखी एक कारण आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्ये पिंपरीत स्थापन झाला आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच, अपुऱ्या मात्रेमुळे जंतू औषधाला दाद देईनासे होतील, असा इशारा दिला होता. औषधाची धार ही सामायिक विहिरीसारखी असते. उपसतो प्रत्येक जण, आटली तर तहान सगळ्यांनाच.

आता पुस्तकांकडे वळू. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्या १९४४ च्या ग्रंथाने या शास्त्राचा पाया घातला. पण सहाशेहून अधिक पानांच्या त्या गणिती ग्रंथापासून सुरुवात करू नये. सामान्य वाचकाने अविनाश दीक्षित आणि बॅरी नेलबफ यांचे ‘द आर्ट ऑफ स्ट्रॅटेजी’ (२००८) आधी उघडावे. दीक्षित मुंबईत जन्मले, सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकले आणि पुढे प्रिन्स्टनला प्राध्यापक झाले. पुस्तकात गणित अगदी थोडे आहे. उणीव एवढीच, की उदाहरणे बरीचशी अमेरिकेतील खेळ आणि व्यापारातली आहेत. केन बिनमोर यांचे ‘गेम थिअरी : अ व्हेरी शॉर्ट इंट्रोडक्शन’ (२००७) खिशात मावते, पण पानागणिक थांबून विचार करायला लावते, ते दुसऱ्या क्रमांकावर ठेवावे. शालेय गणित पक्के असेल आणि उदाहरणे सोडवण्याची तयारी असेल, तर मार्टिन ऑस्बोर्न यांचे पाठ्यपुस्तक घ्यावे.

आरोग्याच्या दृष्टीने मात्र रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांचे ‘द इव्होल्यूशन ऑफ कोऑपरेशन’ (१९८४) चुकवू नये. त्यांनी संगणकावर ‘कैद्यांचा पेच’ पुन्हा पुन्हा खेळवण्याच्या स्पर्धा घेतल्या. पहिल्या स्पर्धेत तज्ज्ञांच्या १४ प्रवेशिका होत्या, दुसरीत ६२. दोन्ही वेळा ॲनाटोल रॅपोपोर्ट यांचा सर्वांत साधा कार्यक्रम जिंकला : सुरुवात सहकार्याने करायची आणि पुढे समोरच्याने केले तसे करायचे. सार असे, की उद्या पुन्हा गाठ पडणार असेल, तर सहकार्य परवडते.

चाकणचे दुखणे इथे नेमके कळते. कामगार आज एका ठेकेदाराकडे, सहा महिन्यांनी दुसऱ्याकडे; खोलीही बदलते. डॉक्टर आणि रुग्णाची गाठ एकदाच पडते. ‘दोन दिवस थांबा, ताप नाही उतरला तर परत या’ हा सल्ला ओळखीच्या डॉक्टरांनी दिला तर पटतो, अनोळखी डॉक्टरांनी दिला तर टाळाटाळ वाटते.

अर्थात तक्ता म्हणजे सगळे जग नव्हे. गर्दी गमावूनही नको ते औषध नाकारणारे डॉक्टर प्रत्येक वस्तीत आहेत आणि समजावल्यावर ऐकणारे रुग्णही. मात्र सारा भार त्यांच्या सद्‌सद्विवेकावर टाकणे योग्य नाही. खेळाडूंना दोष देऊन भागत नाही, खेळाचे नियम तपासावे लागतात. ‘शेड्यूल एच-१’ हा २०१४ पासून लागू झालेला नियम असाच आहे : त्यातील अँटिबायोटिकच्या विक्रीची वेगळी नोंद दुकानदाराने ठेवायची असते. पण कामगाराच्या चौकटीतला आकडा त्याने बदलत नाही. ईएसआय योजनेत पात्र कामगाराला आजारपणात वेतनाच्या ७० टक्के लाभ मिळतो, परंतु आजाराचे पहिले दोन दिवस साधारणपणे त्यातून वगळलेले असतात. साधा ताप नेमका त्याच दोन दिवसांचा! ते दोन दिवस कारखान्यांनी कंत्राटी कामगारांनाही भरपगारी दिले, तर इंजेक्शनची मागणी आपोआप घटेल. एका परिसरातील डॉक्टरांनी मिळून एकच धोरण जाहीर केले, तर समोरच्या दवाखान्याची धास्तीही उरणार नाही.

मराठीत या विषयाची ओळख लिहिणाऱ्यानेही सुरुवात अशाच ठिकाणांहून करावी : दवाखाना, लसीकरण, प्रेस मशीनवरची सुरक्षा, पाण्याचा टँकर. आणि वाचकाने पुस्तकाची परीक्षा सोप्या रीतीने घ्यावी. पहिली दोन प्रकरणे झाली की पुस्तक मिटायचे आणि आपल्याच गल्लीतल्या एखाद्या पेचाचा चार चौकटींचा तक्ता कागदावर मांडून पाहायचा. जमला, तर पुस्तक चांगले. नाही जमला, तर दुसरे शोधावे.